प्लगवर लिहिलेलं नाव

शुक्रवारी दुपार कलल्यावरची असरची नमाज आटोपली, की आमच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्ये गाड्यांची बॉनेटं उघडायची. त्या शुक्रवारी अकरा उघडी होती आणि भोवती चाळीस-पन्नास माणसं. रियाधमध्ये इतकी मराठी माणसं एका जागी गोळा करायची तर एरवी ईदमिलन तरी लागतं, नाहीतर हापूसची पेटी तरी. इथं मात्र दापोली-श्रीवर्धनकडचे आमचे लोक आणि पुण्या-नाशिकचे बँकेतले, आयटीतले साहेब खांद्याला खांदा लावून एका जुनाट इंजिनाकडे टक लावून बघत होते. कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

मध्यभागी उभे होते जगदीश सर. लोक त्यांना स्पंदनसर म्हणत आणि ते ऐकून सर मान किंचित खाली घालत, जणू हा मान त्यांच्यावर कुणी बळंच लादला होता. पांढराशुभ्र शर्ट, छातीवर दोन खिसे, दोन्ही खिशांत एकेक काळी पेन्सिल.

"मी बुवा नाही," सर सुरुवात करत. "या देशात जादूटोणा हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच पाहिजे. मी फक्त वाचतो. डॉक्टर नाडी वाचतो, मी गाडी वाचतो. घरचा कर्ता रोज दोन-दोन तास जिथं बसतो, तिथं घराचं स्पंदन उतरतं. माणूस खोटं बोलेल, कफील खोटं बोलेल. इंजिन खोटं बोलत नाही."

कफील खोटं बोलेल म्हटलं, की गर्दीतल्या माना हलायच्या. कफील म्हणजे इथला मालक, आणि त्याचा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी होता.

मग वाचन सुरू व्हायचं. त्या दिवशी आमच्याच मजल्यावरचा राहील पुढे झाला. त्याची गाडी पंधरा वर्षांची. सर नवी गाडी कधी वाचत नसत. नव्या गाड्यांना कवच असतं म्हणे, त्यांच्यातून स्पंदन बाहेर येत नाही. सरांनी इंजिनाच्या चार प्लगांपैकी तिसऱ्याची वायर उपसली, पान्यानं प्लग काढला आणि रुमालानं पुसला. प्लगचा मधला भाग पांढऱ्या चिनी मातीचा असतो, करंगळीएवढा. त्यावर सरांनी पेन्सिलनं, वरच्या टोकापासून खालच्या लोखंडापर्यंत, मराठीत नाव लिहिलं: राहील. मग अक्षरांच्या डोक्यावरची रेघ चार-पाच वेळा गिरवली.

"रेघ म्हणजे घराचं छप्पर," सर म्हणाले. "ती टोपीपासून पायापर्यंत अखंड पाहिजे."

प्लग परत बसला. राहीलनं किल्ली फिरवली आणि इंजिन सुरळीत चाललं. सरांनी बॉनेटवर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले. "घर शाबूत आहे. दोन वर्षं तुम्हाला कुणी हलवत नाही." राहीलच्या बायकोनं तिथल्या तिथं डोळे पुसले. राहील हिशेबतपासनिसांच्या कचेरीत संगणक सांभाळायचा. त्याला कुणी हलवणार नव्हतंच, हे सांगायला स्पंदन कशाला हवं होतं?

मी मुनाफ. एका इस्पितळाच्या औषधभांडारात सतरा वर्षं खोकी लावतोय. अल्लाहला मानतो, पेन्सिलीला मानत नाही. पण माझं न मानणं कसलं, तर मागे उभं राहून शेंगदाणे खायचे आणि शेजाऱ्याच्या कानात टोमणे मारायचे. पुढे होऊन एक सरळ प्रश्न विचारायची हिंमत मी एकाही शुक्रवारी केली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

ते २०१८ च्या ऑक्टोबरचे दिवस होते. बारा प्रकारच्या दुकानांतून परदेशी माणसं काढून तिथं सौदी मुलं-मुली नेमायचं सरकारनं ठरवलं होतं. कपड्यांची आणि फर्निचरची दुकानं सप्टेंबरात झाली, घड्याळं आणि चष्मे नोव्हेंबरात होणार होते. देश त्यांचा, पोरं त्यांची, कामंही त्यांनीच करावीत, यात मला गैर काही दिसत नाही. पण दहा-बारा वर्षं काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाला ते समजूनही झोप लागत नाही. बिऱ्हाडागणिक एकच प्रश्न होता: आपण राहणार की जाणार? ऑफिसात विचारलं तर बघू म्हणत, कफीलला विचारलं तर तो इन्शाल्ला म्हणे. सर मात्र पाच मिनिटांत हो की नाही ते सांगून टाकत. गर्दी त्यासाठी होती.

ज्याचं नाव लिहिल्यावर इंजिन अडखळे, त्याचं घर उखडणार असं सर सांगत. महिन्याभरात चार घरं अशी निघाली. त्यांतला एक इसहाक, श्रीवर्धनचा, बेकरीची व्हॅन चालवणारा. बेकरीचं नाव त्या यादीत कुठंच नव्हतं. पण इसहाकच्या स्वतःच्या जुन्या गाडीनं सरांपुढे आचके दिले आणि आठवड्याच्या आत त्यानं फायनल एक्झिट घेतली, म्हणजे इकामा, इथं राहायचा परवाना, बंद करून कायमचा परत जायला निघाला. त्याचा म्हातारा कफील दारात उभा राहून नको जाऊ म्हणत होता. आम्ही त्याला विमानतळावर सोडलं आणि परत येताना सगळे म्हणाले, बरं झालं, बिचाऱ्याला वेळेवर कळलं. मीही त्याच गाडीत होतो. मी काही बोललो नाही.

राहीलनंतर हारून पुढे गेला.

हारून माझ्या गावचा, दाभोळच्या खाडीकाठचा. बारा वर्षं एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करत होता. नोव्हेंबरात ते संपणार, हे अख्ख्या इमारतीला माहीत होतं. पण नशिबानं त्याला कतीफमध्ये, तिकडे पूर्वेच्या समुद्रकाठी, मासळी गोठवणाऱ्या एका कंपनीत भांडार सांभाळायचं काम मिळत होतं. रविवारी संध्याकाळच्या आत येऊन सही कर, नाहीतर दुसऱ्याला घेतो, असा निरोप होता. सही झाली की इकामा नव्या मालकाच्या नावावर आणि घर वाचलं. बायको बदरुन्निसाभाबी इंडियन स्कूलच्या मुलींच्या विभागात विज्ञान शिकवायची. मुलगी मेहनाज सातवीत होती. भाबीनं कतीफजवळच्या शाळेत चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

सरांनी प्लग काढला आणि सावकाश लिहिलं: हारून. हारून वाकून बघत होता. बारा वर्षं त्याचं नाव इकाम्यावर अरबीत होतं आणि पगाराच्या कागदावर इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेनंतर इतक्या निगुतीनं कुणी ते मराठीत लिहिलं नव्हतं. त्याचा चेहरा मऊ पडलेला मी पाहिला आणि मला त्याची दयाही आली आणि रागही.

मग त्यानं किल्ली फिरवली. इंजिन लागलं, पण लंगडत लागलं. तीन ठोके नीट, चौथा गायब. गाडी जागच्या जागी थरथरू लागली, आतला आरसा खडखडत होता. गर्दीनं मोठा श्वास सोडला.

सरांनी डोळे मिटले. "पूर्वेला जायचा विचार आहे?"

हारूननं होकारार्थी मान हलवली. कतीफच्या कामाचं त्यानंच आठवडाभर इमारतीत सांगितलं होतं, हे त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही.

"जाऊ नका. उखडलेलं घर पूर्वेला रुजत नाही. हा थरथराट आज गाडीत आहे, तिकडे गेलात तर तो माणसात येईल. मुलीत येईल. रविवारीच दुकानात सांगून फायनल एक्झिटचा अर्ज टाका. आणि ही गाडी घरात ठेवू नका. उद्या असरनंतर माझा माणूस येऊन नेईल. अशा गाडीचं काय करायचं ते आम्ही करतो."

मी शेंगदाण्यांची पुडी खिशात टाकली. मुलीचा विषय निघाल्यावर दाणे खाणं मला जमेना.

शनिवारी सकाळी बदरुन्निसाभाबी माझ्या दारात आली. डोळे सुजलेले, पण आवाज वर्गात असतो तसा.

"मुनाफभाई, ते ऐकत नाहीत. कतीफला ट्रेननं जा म्हटलं, बसनं जा म्हटलं. म्हणतात, प्रश्न पोचण्याचा नाही. तुमच्याकडे पाना आहे ना?"

"पाना आहे. पण भाबी, मला पेट्रोल कुठून भरतात एवढंच कळतं."

"मला जरा जास्त कळतं. लायसन्सच्या रांगेत नाव दिलंय ना मी. जी चालवायची, तिच्या पोटात काय आहे ते तरी बघावं म्हणून तीन महिने व्हिडिओ बघतेय." बायकांना गाडी चालवायची परवानगी जूनमध्येच मिळाली होती. "आणि एक सांगा. गाडी गुरुवारपर्यंत कशी चालत होती?"

"झकास. मीच बसलो होतो गुरुवारी."

"मग गुरुवार आणि शुक्रवारच्या मध्ये काय बदललं?"

मी म्हटलं, सर आले.

"सर आले, हे उत्तर नाही. गाडीच्या आत काय बदललं, ते बघायचं."

आम्ही खाली गेलो. हारून खिडकीतून बघत होता, खाली येत नव्हता. भाबीनं बॉनेट उघडलं आणि एखादा प्रयोग मांडावा तशी बोलायला लागली. "चार सिलिंडर, चार प्लग, चार वायरी. प्रत्येक प्लगची ठिणगी आत पेट्रोल पेटवते. एक पेटला नाही की गाडी लंगडते. कुठला पेटत नाही ते आधी शोधू. इंजिन बंद ठेवून एक वायर काढा, मग चालू करा."

पहिली वायर काढली. इंजिन आधीच लंगडत होतं, आता पार कोलमडायला लागलं. म्हणजे पहिला प्लग काम करत होता. वायर जोडून दुसरी काढली, पुन्हा तेच. मग तिसरी काढली आणि काहीच फरक पडला नाही.

"तिसरा मेलेला आहे," भाबी म्हणाली. "जो काम करतच नव्हता, तो काढला तर काय बिघडणार? आता दोष प्लगमध्ये आहे, वायरीत आहे की इंजिनात, ते बघू. तिसरा प्लग पहिल्याच्या जागी लावा आणि पहिला तिसऱ्याच्या."

माझे हात काळे झाले, बोटं सोलवटली. बदलून किल्ली फिरवली. इंजिन तसंच लंगडत होतं. पण या वेळी तिसरी वायर काढल्यावर ते आणखी बिघडलं आणि पहिली काढल्यावर काही झालं नाही.

"दोष प्लगबरोबर सरकला," भाबी म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच धीर आला. "इंजिन ठीक आहे, वायर ठीक आहे. प्लग काढा."

प्लग हातात घेऊन ती बराच वेळ बघत होती. खालचं टोक स्वच्छ होतं, भेग कुठं नव्हती. पांढऱ्या चिनी मातीवर फक्त नाव होतं: हारून. वर जाड, चकाकती, गिरवलेली रेघ, टोपीपासून लोखंडापर्यंत.

"माझ्या सातवीच्या पोरी पेन्सिलीनं दिवा लावतात," ती हळूच म्हणाली.

मी इस्पितळातलं स्पिरिट आणलं. कापसानं आम्ही ती रेघ पुसली. प्लग बसवला. इंजिन असं चाललं, की मडगार्डवर ठेवलेला पाना हललासुद्धा नाही.

हारून जिन्यानं धावत खाली आला. मला वाटलं, आता मिठी मारेल. तो भाबीच्या हातातल्या काळ्या कापसाकडे बघत राहिला.

"माझं नाव पुसलंस?"

"नाव नाही, शिसं पुसलं. ऐका इंजिन."

"सगळ्यांच्या गाडीवर नाव लिहिलं. राहीलच्या लिहिलं, त्याची चालली. माझीच का अडखळली? पेन्सिलच कारण असती तर त्याचीही अडखळायला पाहिजे होती."

प्रश्न बिनतोड होता. हारून पुढे म्हणाला, "मला पोरीवर संकट नको. नोकरी गेली तर जाऊ दे. उद्या अर्ज टाकतो." तो चिडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो रडत बोलत होता.

तो वर गेल्यावर आम्ही दोघं पायरीवर बसलो. राहीलची का चालली? मी तो शुक्रवार डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होतो. मागे उभं राहून टोमणे मारणाऱ्याला एक फायदा असतो, त्याला काही काम नसतं म्हणून त्याचं लक्ष भलतीकडे असतं. मला राहीलच्या वेळचा सरांचा हात आठवला. तो डाव्या खिशात गेला होता. आणि हारूनच्या वेळी उजव्या.

"भाबी, पेन्सिली दोन आहेत," मी म्हणालो.

असरनंतर सर आले. सोबत त्यांचा माणूस होता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला, एक शब्द न बोलणारा. भाबीनं इमारतीत फोन फिरवले होते, त्यामुळे राहील आणि आणखी वीस-पंचवीस जण जमले होते. हारूनच्या हातात गाडीची किल्ली आणि कागद होते.

"सर," भाबी म्हणाली, "गाडी देण्याआधी एक शंका आहे. तुम्ही सगळ्यांची गाडी वाचता. तुमच्या नावानं एकदा वाचून दाखवाल?"

सर हसले. "मॅडम, वैद्य स्वतःची नाडी बघत नाही."

"आम्ही बघतो ना. ही गाडी आत्ता नीट चालतेय, ऐका." मी हारूनच्या हातातली किल्ली घेऊन फिरवली. इंजिन शांत चाललं. सरांच्या माणसानं पटकन सरांकडे बघितलं. मी इंजिन बंद करून तो प्लग काढला. भाबी म्हणाली, "आता यावर तुमचं नाव लिहा. तुमचं घर तर शाबूत असणारच."

आता गर्दीच सरांकडे बघत होती. नाही म्हणायला जागा राहिली नव्हती. सरांनी खांदे उडवले, डाव्या खिशातली पेन्सिल काढली आणि वाकून लिहायला लागले.

"ती नको," मी म्हणालो. माझा आवाज चिरकला, पण निघाला एकदाचा. "हारूनचं नाव उजव्या खिशातल्या पेन्सिलीनं लिहिलं होतंत. तीच घ्या."

सरांचा हात थांबला. "दोन्ही सारख्याच आहेत."

"मग तर काहीच हरकत नाही."

हारून पुढे आला. त्यानं सरांच्या हातातली डावीकडची पेन्सिल काढून घेतली. बोटांत फिरवली. टोक अंगठ्यावर घासलं, अंगठा नाकाशी नेला. बारा वर्षांची सवय त्याच्या बोटांत होती.

"ही शिसपेन्सिल नाही," तो सावकाश म्हणाला. "ही मेणाची आहे. काच कापायच्या आधी आम्ही हिनं खूण करतो. माझ्या काउंटरच्या खणात असल्या डझनभर पडल्यात." त्यानं सरांकडे बघितलं. "सर, राहीलला मेण आणि मला शिसं?"

राहील मागून म्हणाला, "म्हणजे काय ते नीट सांगा कुणीतरी."

भाबीनं पर्समधून शाळेतला प्रयोग काढला: एक सेल, दोन वायरी, छोटा दिवा. तिनं हारूनच्या हातातली मेणाची पेन्सिल दोन्ही टोकांनी तासली आणि वायरींच्या मध्ये धरली. दिवा लागला नाही. मग सरांपुढे हात केला. त्यांनी नजर चुकवत उजव्या खिशातली पेन्सिल दिली. तीही दोन्ही टोकांनी तासली. दिवा मंद, पण सगळ्यांना दिसेल असा लागला.

"काळं दोन्ही दिसतं," भाबी म्हणाली, "पण शिशातून वीज जाते, मेणातून जात नाही. प्लगला चिनी माती कशासाठी असते? वीज बाहेरून पळून जाऊ नये म्हणून. ती आतल्या सळीतून खाली जाते, इंजिनात ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं. बाहेरून टोपीपासून लोखंडापर्यंत शिशाची जाड रेघ ओढली, की विजेला सोपी वाट मिळते. ती बाहेरूनच निघून जाते. आत ठिणगी नाही, पेट्रोल पेटत नाही, गाडी लंगडते. नाव कुणाचंही लिहा. रेघ पुसली की गाडी बरी."

मग तिनं शिशाच्या पेन्सिलीनं त्याच प्लगवर लिहिलं: जगदीश. रेघ चांगली गिरवली. मी प्लग बसवला, हारूननं स्वतः किल्ली फिरवली. गाडी थरथरायला लागली.

कुणी हसलं नाही. लोक सरांकडे बघत होते आणि सर जमिनीकडे. "नव्या गाडीवर हे का चालत नाही, तेही सांगा," ते अखेर पुटपुटले. "वायरी नसतात. कॉम्प्युटर सांगतो कुठला सिलिंडर बंद आहे ते. मी चौदा वर्षं वर्कशॉप चालवलं, मॅडम. मला इंजिन कळतं. मला गेल्या वर्षी एका कागदावर कामावरून काढलं. तेव्हा मला कुणी काही सांगितलं असतं, तर मीही विश्वास ठेवला असता."

मला त्याची कीव यायला हवी होती, आलीही थोडी. पण एकच क्षण. ज्या भीतीनं हा माणूस स्वतः पोळला होता, तीच त्यानं विकायला काढली होती. अडखळणाऱ्या चारही गाड्या त्याच्या त्या मुक्या माणसानं मातीमोलानं नेल्या, रेघ पुसली आणि विकल्या, हे आता उघड होतं.

राहील पोलिसांना बोलवा म्हणत होता. या देशात जादूटोण्याच्या आरोपाखाली माणसाचं काय होतं, हे आम्हाला माहीत होतं, आणि भाबी नको म्हणाली. "सरांना एक फोन करू दे फक्त. इसहाकभाईंना."

सरांनी फोन लावला. श्रीवर्धनहून इसहाकचा आनंदी आवाज आला, सर, तुम्ही आठवण ठेवलीत. सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दोनदा. शेवटी हारूननं फोन घेतला आणि सगळं सांगितलं, पेन्सिल, रेघ, मेण, सगळं.

"म्हणजे मी उगाच आलो," इसहाक म्हणाला.

"होय," हारून म्हणाला.

"कफील म्हणाला होता नको जाऊ." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो. विमानतळावरून परत येतानाची ती गाडी मला आठवत होती आणि त्यात गप्प बसलेला मी.

रविवारी पहाटे हारून त्याच गाडीनं कतीफला निघाला. निघण्याआधी त्यानं इंजिन चालू करून पाच मिनिटं ऐकलं. मला म्हणाला, "मुनाफभाई, तुम्हीपण ऐका." मी ऐकलं. चारही ठोके होते. तरी त्यानं इंजिन बंद केलं आणि पुन्हा एकदा चालू करून ऐकलं. खरं कळल्यावर भीती लगेच जाते, असं काही नसतं.

सोमवारी त्याचा फोन आला. "सही झाली. वर्षभराचा करार. मासळीचा वास अंगातून जात नाहीये."

"आणि वर्षानंतर? तिथंही सौदी माणसं घ्यायचं ठरलं तर?"

"माहीत नाही," हारून म्हणाला.

महिनाभर त्या पार्किंगमध्ये हे दोन शब्द कुणी उच्चारले नव्हते. सरांनी नाही, गर्दीनं नाही, मीही नाही. आम्हाला उत्तर हवं होतं, कसलंही, आणि म्हणून आम्ही ते पेन्सिलवाल्याकडून घेतलं. तुम्ही हे वाचताय ते कुठल्या गावात, कुठल्या काळजीत, मला ठाऊक नाही. पण नोकरीचं विचारायचं तर मालकाला विचारा, कचेरीत विचारा, सरकारी कागद वाचा. गाडीचं विचारायचं तर बॉनेट उघडून एकेक वायर काढून बघा. आणि जे कुणालाच ठाऊक नाही, ते ठाऊक असल्याचं सांगत कुणी पुढे आला, तर मागे उभे राहून शेंगदाणे खाऊ नका. मोठ्यानं विचारा, सर्वांसमोर विचारा, आणि त्याच दिवशी विचारा.